बोट तिथं थांबतेच म्हणून

६ जानेवारी

छबे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघूनही पाकीट फोडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. आता शेवटपर्यंत वाच. मध्येच चिडून भिरकावलंस तर उचलून पुन्हा वाच, कारण दुसऱ्यांदा मी लिहिणार नाही.

मे महिन्यात मी बोटीनं फिरायला निघाले आहे. बरोबर आपला बाळ्या. त्याच्या गावच्या धक्क्यावरून बोट सुटते, फिरून फिरून तिथंच परत येते. त्यातला एक दिवस, चौदा मे, ती तुझ्या गावाला थांबते. सकाळी नऊला लागते, संध्याकाळी पाचला सुटते.

हे नीट समजून घे, मी खास तुझ्यासाठी येत नाहीये. बोट तिथं थांबतेच आहे. सगळे उतरणार, मीही उतरणार. धक्क्याच्या फाटकापाशी उभी राहीन. वाटलं तर ये. नाही वाटलं तर मी आपली कुठंतरी चहा पिऊन बोटीवर परत जाईन. माझं काही अडत नाही.

आणि आईच्या बाबतीत माझं चुकलं असं म्हणायलाही मी येत नाहीये. तू तिला तुझ्याकडे न्यायला आली होतीस, तिचा पासपोर्ट माझ्या कपाटात होता आणि मी किल्ली दिली नाही. दोन जिने चढली की तिचे ओठ निळे पडायचे. आयुष्यभर वॉर्ड सांभाळलाय मी. विमानात तिचं काय झालं असतं ते मला दिसत होतं. पुढच्याच वर्षी ती इथं गेली आणि तुला वेळेवर पोचता आलं नाही, याचं मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. पण किल्ली मी आजही दिली नसती. झालं. त्यावर तिथं वाद घालायचा नाही, दिवस फुकट जाईल.

बाळ्याला यातलं काही बोललेले नाही. तुझं नाव माझ्यासमोर काढायचं नाही अशी तंबी मीच त्याला दिली होती, आणि सात वर्षं झाली, त्या गाढवानं ती पाळली आहे. आता मीच कुठल्या तोंडानं विषय काढू? शिवाय त्याच्या पोटात काही राहत नाही आणि डोळ्यांत तर मुळीच राहत नाही. धक्क्यावर पोचल्यावर कळेल त्याला.

येणार असशील तर कळव. येणार नसशील तरी कळव.

ताई


८ जानेवारी

बाळ्या,

सोबत बोटीच्या सफरींचं ब्रोशर पाठवते आहे. दाताच्या डॉक्टरांकडे टीपॉयवर पडलं होतं, रीतसर विचारून आणलं. दुमडू नकोस, त्याच्यावर कप ठेवू नकोस, आणि दुकानात नवा चष्मा घालून बसलेल्या गिऱ्हाइकाला "हे वाचून बघा" म्हणून देऊ नकोस. तुझी सवय मला ठाऊक आहे.

किती दिवस मागे लागला होतास, ताई, कुठंतरी जाऊ या, ताई, कुठंतरी जाऊ या. चल, जाऊ या. पान चौतीस काढ. पेन्सिलीनं चौकट केली आहे, तीच सफर. तेहेतीस नाही, पस्तीस नाही. खालच्या नकाशात ठिपक्यांची रेघ आहे, तिच्यावरून बोट फिरवून बघ. कुठून निघालो, कुठं थांबलो, कुठं परत आलो, सगळं एका नजरेत. मला असंच लागतं. टेबलावर पसरायचं, चष्मा लावायचा आणि पूर्ण दिसलं पाहिजे.

शेवटच्या पानावर कूपन आहे. ते भर, काप आणि पोस्टात टाक, नाहीतर त्यांच्या कचेरीत जाऊन जिवंत माणसाच्या हातात दे. कॉम्प्युटरवर काहीही करायचं नाही. माझ्या वाढदिवसाला तू कॉम्प्युटरवरून आरामखुर्ची मागवली होतीस ती आठवते ना? बाहुली बसेल एवढी आली होती. अजून तिच्यावर मी वर्तमानपत्रं ठेवते.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू माझ्याशी "हो, हो" करतोस आणि तिकडे कुणाच्या तरी नाकाचं माप घेत असतोस. कागदावर लिहिलं की तुझी सुटका नाही.

केबिन दोघांची आहे. तुझ्या बायकोला सांग, पुढच्या खेपेला ती. रुसली असेल तर तिला मी वेगळं पत्र लिहीन.

पान चौतीस.

ताई


१९ जानेवारी

ताई,

आनंदाची बातमी. बुकिंग झालं!

आता श्वास घे आणि पुढचं वाच. कूपन भरायलाच बसलो होतो, देवाशपथ. कात्री हातात होती. तेवढ्यात बायको म्हणाली, अहो, एकदा ऑनलाइन बघून तर घ्या. बघायला म्हणून बसलो आणि उठवेना. तुझ्या ब्रोशरमध्ये काय, पानावर जी सफर छापली ती छापली. पटली तर घ्या, नाहीतर पान उलटा. इथं आपण सांगायचं. कुठलं बंदर हवं, कुठलं नको, त्यापुढे खूण करायची. नको ते गाळून बाकीच्या सफरी आपोआप समोर येतात.

तीच बोट मिळाली, आठवडाभर आधीची. पान चौतीसवर गोल खिडकीची खोली होती, आपल्याला चक्क बाल्कनी आहे! सकाळी तू चहाचा कप घेऊन समुद्राकडे बघत बसायचं आणि मला काम सांगायचं. एक बंदर तेवढं कमी आहे, त्याच्या बदल्यात दोन बेटं. ते बंदर तसंही काही खास नव्हतं. तुझं नुकसान नाहीच, उलट तुला बरंच वाटेल. का ते विचारू नकोस. थोरल्या बहिणीच्या मनातलं न सांगता ओळखतो मी.

आधी जाऊन आलेल्या लोकांनी काय काय लिहिलंय तेही वाचलं. एक जण म्हणतो बोट म्हणजे स्वर्ग. दुसरा म्हणतो भिंती इतक्या पातळ की शेजारच्याचं घोरणं ऐकू येतं. तू घोरतेस, तेव्हा ती काळजी शेजाऱ्यांनी करावी.

बायको रुसली नाही. म्हणजे तोंडानं तरी तसं म्हणाली.

तुझा हुशार भाऊ,
बाळ्या


२५ जानेवारी

बाळ्या,

हुशार भाऊ म्हणे! मी एवढं धडधडीत लिहिलं होतं, पान चौतीस, पान चौतीस. तुला आकडे वाचता येत नाहीत का? दुसऱ्यांचे डोळे तपासतोस, एकदा स्वतःचे तपासून घे.

मला बाल्कनी नको. बाल्कनी माझ्या घराला आहे, तिथं मी कपडे वाळत घालते. मला बेटं नकोत. तुझ्याकडे बेटं मागितली होती मी? मला पान चौतीसवरची सफर हवी, तिच्यातलं एकही ठिकाण कमी करायचं नाही.

शेजारच्या मुलीला तिच्या मोबाइलवर तुझी ती सफर काढून दाखवायला सांगितली. आधी एक हसरं जोडपं आलं. ते सरकवलं तर दुसरं हसरं जोडपं. मग तिसरं. मग कोपऱ्यातून एक चौकोन टपकला, "फक्त दोन केबिन शिल्लक, घाई करा." ती मुलगी म्हणाली, आजी, हे गेल्या महिन्यापासून दोनच शिल्लक आहेत. नकाशा बघायचा तर दोन बोटांनी ताणायचा. ताणला की समुद्र दिसतो, बोट कुठं जाते ते दिसत नाही. आकसला की सगळीच्या सगळी रेघ मुंगीएवढी. डोकं उठलं माझं. ब्रोशर कसं, उघडलं की उघडलं. ते मला घाई करत नाही.

छापलेलं ते छापलेलं असतं, बाळ्या. कुणी रात्रीत येऊन बदलत नाही. म्हणून माझा त्याच्यावर विश्वास आहे.

ते बुकिंग रद्द कर आणि कूपन पाठव. कारण विचारू नकोस. थोरली बहीण सांगते, एवढं कारण पुरे.

ताई


४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि एका बाईला डावा नंबर उजव्या डोळ्याला लावून दिला. ती दारापर्यंत जाऊन खांबाला धडकून परत आली. एवढं बोलून घेतलंस.

रद्द कर म्हणणं सोपं आहे. ज्या भावात बाल्कनी मिळाली त्या भावातलं तिकीट बदलता येत नाही, असं खाली लिहिलंय. आणि तुझ्या छापील देवाबद्दल म्हणशील, तर पान चौतीसच्या तळाला बघ. मुंगीच्या पायाएवढ्या टाइपात छापलंय, "मार्ग व वेळा पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात." भिंग लावून वाचलं मी. म्हणजे छापलेलं बदलणार, हेही छापूनच ठेवलंय.

मला खरंच राग आलाय, ताई. माझंही ऐक एकदा. लहानपणापासून तू सांगायचं आणि मी करायचं. एकदा डोकं चालवून तुझ्यासाठी चांगलं काही केलं, तर त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर. बायको म्हणते, ताईंना त्या पानात एवढं काय दिसतं ते विचारा. मी म्हटलं, हट्ट, दुसरं काय.

आता स्पष्टच लिहितो. तुझी शपथ मोडतो, मग हवं तर वर्षभर बोलू नकोस. ते बंदर चुकून कमी झालेलं नाही. मीच गाळलं. ऑनलाइन गाळायची सोय होती म्हणूनच तर कूपन बाजूला ठेवलं. ब्रोशरमधून एखादं गाव वगळता येत नाही. छबूताई राहते ते गाव आहे ते. तू डॉक्टरांकडचं चित्र बघून हरखलीस आणि नाव बघितलं नाहीस, असं मला वाटलं. तिथं उतरून तुला सगळं आठवणार, तू दिवसभर केबिनचं दार लावून बसणार, मला काही बोलता येणार नाही. तो त्रासच नको म्हणून मी त्यापुढे "नको" अशी खूण केली.

आता सांग, काय चुकलं माझं?

बाळ्या


९ फेब्रुवारी

गाढवा,

तेच बंदर हवं होतं.

बाकीची सगळी बंदरं बुडाली तरी चालतील. मला बोट नको, समुद्र नको, तुझी बाल्कनी तर नकोच नको. मला छबीला भेटायचं आहे. मी तिला पत्र टाकलंय, चौदा मेला फाटकापाशी उभी राहते म्हणून. महिना झाला, तिचं उत्तर नाही. ती आली आणि मीच नसले तर? ताई पुन्हा एकदा आडवी आली असं म्हणेल ती, आणि या खेपेला तिचं बरोबर असेल.

हो, मी तुला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आता त्याचा कीस काढत बसू नकोस. तुझ्या मनात माझं भलं होतं हे मला कळतं, म्हणून तर जास्त चिडचिड होते. वाईट हेतूनं केलं असतंस तर तुला धरून झोडपता तरी आलं असतं.

काहीही कर. पाया पड, भांड, रड. रडायला तर तुला सांगावं लागत नाही. पण पान चौतीस परत आण.

ताई


२६ फेब्रुवारी

ताई,

आणलं! पान चौतीस परत आणलं. पण माझं जे काय झालं ते ऐकल्याशिवाय तुझी सुटका नाही.

आधी त्यांच्या साइटवर गेलो. "मदत" असं लिहिलेलं दाबलं. एक हसरा गोल चेहरा आला, मी तुमची काय मदत करू? मी सगळी हकिगत लिहिली. तुझी, छबूताईची, आईची सुद्धा. रडलो लिहिताना. तो म्हणाला, "मला समजलं नाही. खालीलपैकी एक प्रश्न निवडा." त्यातला एकही माझा नव्हता. पोहण्याचा तलाव किती वाजता उघडतो, हा एक होता.

मग "बदल करा" असं कुठंतरी सापडलं. तिथं म्हणाले, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. नऊ चित्रं दाखवली, म्हणे पूल असलेल्या सगळ्या चित्रांवर खूण करा. मी केली. चूक. पुन्हा केली. पुन्हा चूक. एका चित्रात पुलाचं नुसतं टोक होतं, ते धरायचं की सोडायचं? मी, चष्म्याच्या दुकानाचा मालक, लागोपाठ नापास! शेवटी काउंटरवर चष्मा घ्यायला आलेल्या म्हाताऱ्यानं जुन्याच चष्म्यातून बघून बरोबर खुणा केल्या. पुढे मोबाइलवर आकडा येतो तो टाकायचा. मोबाइल मागच्या खोलीत चार्जिंगला. धावत जाऊन आणला, तोवर आकडा शिळा. दुसरा मागवला, तोवर पान बंद. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा पूल.

दोन आठवडे हेच चाललं होतं. घरात कुणी माझ्याशी बोलायला धजत नव्हतं. परवा मात्र इतका वैतागलो की कॉम्प्युटर बंद केला आणि तुझं ब्रोशर उघडलं, फाडायलाच उघडलं होतं. मागच्या पानावर टेलिफोन नंबर होता. लावला. आणि ताई, एक बाई बोलली! खरीखुरी, सर्दी झालेली. तिला म्हटलं, बाई, माझ्या दोन बहिणी आहेत. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाली, थांबा, बघते. अर्ध्या तासात जुनं बदलून नवं दिलं. बाल्कनी गेली, गोल खिडकीही गेली, खालच्या मजल्यावरची बिनखिडकीची केबिन उरली होती ती घेतली. चालेल ना? तुला समुद्र नकोच होता म्हणा.

तेव्हा टेलिफोन नंबरापुरती तू जिंकलीस. पण फार नाचू नकोस. ब्रोशर छापून झाल्यावर त्यांनी वेळ बदलली आहे. चौदा मेला बोट नऊला लागेल, पण पाचला नाही, दुपारी एकलाच सुटेल. मी त्या बाईशी पुष्कळ हुज्जत घातली. ती म्हणाली, साहेब, बोट मी चालवत नाही.

आता एक सांगतो. छबूताईशी मी दर आठवड्याला बोलतो. तुला माहीत होतंच, तू माहीत नसल्यासारखं करायचीस. फोन ठेवताना ती दर वेळी विचारते, "तिकडे सगळे बरे ना?" इथं मी आणि माझी बायको, आमचं आधीच सांगून झालेलं असतं. मग सगळे म्हणजे कोण उरलं, ताई? मी आपला म्हणायचो, हो, सगळे बरे आहेत.

उत्तर आलं का तिचं?

बाळ्या


२० फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. बसच्या कप्प्यात ठेवलं होतं. मी आता शाळेची बस चालवते, बाळ्यानं सांगितलं असेलच. सकाळी मुलं शाळेत सोडते, दुपारी घरी पोचवते. मधल्या वेळात बस झाडाखाली लावून तुझं पत्र वाचायची आणि चिडून परत कप्प्यात कोंबायची. असं रोज.

चौदा मेला मी फाटकापाशी येणार नाही. तूही उतरू नकोस.

त्या बोटींची माणसं मी नेहमी बघते, ताई. गळ्यात पट्टा, हातात नकाशा, दर पाच मिनिटांनी घड्याळ. चर्चपाशी दहा मिनिटं, किल्ल्यापाशी पंधरा, मग पळा. तू तसंच करणार. माझ्यासमोर उभी राहून घड्याळ बघणार. मी काही प्रेक्षणीय स्थळ नाही. बोट थांबतेच आहे तर हिलाही बघून घेऊ, अशी बघायला येऊ नकोस मला. सात वर्षांनी बहिणीला लिहायचं आणि पहिल्यांदा काय लिहायचं, तर मी खास तुझ्यासाठी येत नाहीये! हे लिहिताना तुझा हात थांबला नाही?

आईला विमान झेपलं नसतं हे मला त्या दिवशीच कळलं होतं. मी काही आंधळी नव्हते, तिचे ओठ मलाही दिसत होते. मला फक्त तुझ्याजवळ बसून रडायचं होतं. तू माझ्यापुढे तिच्या तपासण्यांचे कागद मांडलेस आणि एकेका आकड्यावर बोट ठेवून समजावलंस, जशी वॉर्डातल्या कुठल्याही नातेवाइकाला समजावतेस तशी. मी नातेवाईक नव्हते ना गं. किल्लीचा राग माझा केव्हाच गेला. तो कागदांचा राहिलाय.

तू बरोबर होतीस. तुझं बरोबर असणंच मला नको झालं होतं.

तुझी बोट सुखानं जाऊ दे.

छबू


६ मार्च

बाळ्या,

छबीचं वीस फेब्रुवारीचं पत्र आज पोचलं. सोबत पाठवते आहे. वाचून परत कर, हरवलंस तर याद राख.

मी बोटीवर येत नाही. तू दोन आठवडे डोकं आपटून पान चौतीस परत मिळवलंस आणि आता मी हे सांगते आहे, तुझी काय अवस्था होईल ती मला इथून दिसते. पण पत्र वाच म्हणजे कळेल. आपण भांडलो कशावरून? ब्रोशर की ऑनलाइन, बाल्कनी की खिडकी, नऊ ते पाच की नऊ ते एक. आणि जिच्यासाठी हे सगळं, तिला बोटच नको आहे! माझ्या आधी तिचं डोकं चालतं, हे नेहमीचंच आहे.

त्या सर्दीवाल्या बाईंना पुन्हा फोन कर. माझ्याऐवजी तुझ्या बायकोचं नाव घालायला सांग. खिडकी नाही तर नाही, तुम्ही दोघं आहात. तिला सांग, ताईनं मनापासून पाठवलंय, आणि रुसून झालं असेल तर आता बॅग भर.

ब्रोशर दाताच्या डॉक्टरांना परत द्यायचं आहे, तेही पाठव. चौकट खोडून पाठव.

ताई


७ मार्च

छबे,

तुझं पत्र काल आलं. वाचलं, उठले, भांडी घासली, पुन्हा वाचलं. मग बसून रडले. तू म्हणालीस म्हणून नाही, मला आलं म्हणून. आई गेल्यावर मी रडले नव्हते, तुला माहीत नसेल. घरात माणसं होती, औषधं परत करायची होती, भाड्याचा पलंग उचलून न्यायला लोक यायचे होते. कुणीतरी नीट उभं राहायला हवं होतं आणि सगळे माझ्याकडेच बघतात. मग राहूनच गेलं. नर्सचं असंच होतं.

नर्स म्हणून मी पुन्हा तेच सांगेन, ते कागदही पुन्हा दाखवेन. पण तू नर्सला विचारत नाहीयेस, एवढं माझ्या डोक्यात शिरायला तुझं पत्र यावं लागलं. बहीण म्हणून सांगते. मला तुझी आठवण येते. रोज येते. बाळ्याचा फोन आला की मी इकडचं तिकडचं बोलत राहते आणि तो तुझं नाव कधी घेईल याची वाट बघते. तो घेत नाही. मीच तसं करून ठेवलंय आणि मीच त्याच्यावर चिडते. वैताग आलाय मला या सगळ्याचा. माझं वय वाढतंय आणि मला माझी बहीण हवी आहे.

बोटीवरचं माझं नाव काढायला सांगितलं. आज सकाळी कोपऱ्यावरच्या तिकिटाच्या दुकानात गेले. माझ्यासमोर ब्रोशर ठेवायला लागला तो, मी म्हटलं, उचल. मला चित्रं बघायची नाहीत. एका गावाला जायचंय, मध्ये कुठं थांबायचं नाही. त्यानं कॉम्प्युटरवर खटाखट काहीतरी केलं आणि विमानाचं तिकीट हातात ठेवलं. मी पूर्ण वाचून सुद्धा बघितलं नाही, सरळ पर्समध्ये टाकलं. परतीची तारीख मोकळी ठेवायला सांगितली. किती दिवस राहायचं ते तू ठरव. दोन दिवसांत हाकललंस तर दोन दिवसांनी जाईन.

मी खास तुझ्यासाठी येते आहे. वाटेत लागलीस म्हणून नाही, बोट थांबते म्हणून नाही. फक्त तुझ्यासाठी. हे लिहिताना हात थांबत होता, तरी लिहिलं.

मी घड्याळ घालून येणार नाही.

तुझी ताई


१८ मार्च

ताई,

हे पत्र तुझ्या आधी पोचेल की नंतर, मला काही कळत नाही. कारण तू येते आहेस एवढंच लिहिलंस. कधी येते आहेस ते लिहिलंच नाहीस! चार वेळा पत्र वाचलं, पाकीट उलटं करून झटकलं, तारीख कुठंही नाही. बाळ्याला फोन केला, त्यालाही माहीत नाही. तो तर बोटीची बातमी सांगता सांगता रडायलाच लागला, पुढे बोलणंच होईना. तुझा नंबर दोनदा लावायला घेतला आणि ठेवून दिला. सात वर्षांनंतरचा पहिला शब्द मला फोनवर नको आहे, ताई.

म्हणून आता असं चाललंय. सकाळी मुलं शाळेत सोडली की बस घेऊन तशीच विमानतळावर जाते. आख्खी रिकामी शाळेची बस. तिथला गार्ड पहिल्या दिवशी ओरडला, इथं लावू नका. आता ओळखतो. काल विचारत होता, कोण यायचंय? म्हटलं, बहीण. कधी? म्हटलं, माहीत नाही. तो हसला नाही. म्हणाला, मग रोज या.

रोज जाते. दार उघडलं की उभी राहते.

छबू